एकच दरवाजा लाल

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात विज्ञान शिकवतो. 'आम्ही' म्हणजे एकटेच. दिवसभर वर्गात 'हम' म्हणून म्हणून जीभ तशीच वळली आहे आणि लिहायला बसलो की तेच वळण मराठीत येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये. मोटारीशी आमचा संबंध एस.टी.च्या खिडकीपुरता आणि हप्त्यावर घेतलेल्या एका स्कूटरपुरता. असे असूनही २०२४ च्या मे महिन्यात शारजात एका तेहेतीस वर्षांच्या जपानी स्पोर्ट्स कारचा रंग उजळवण्यात आमच्या सतरा रात्री गेल्या. कोणी आधी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

गेलो होतो वेगळ्याच कामाला. आमचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, २००० सालापासून शारजात आहेत. ते गेले तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. अब्बांच्या आजारपणाचा खर्च, दोन बहिणींची लग्ने, आमचे बी.एस्सी. आणि मग बी.एड., हे सगळे तिकडून येणाऱ्या पैशावर झाले. आम्ही शिक्षण सेवक म्हणून महिना आठ हजारांवर तीन वर्षे काढली, तेव्हाही घर त्यांच्याच जीवावर चालले. गावच्या घराचा वरचा मजला मात्र सहा वर्षे रखडला होता. खांब उभे, सळया बाहेर आलेल्या, वर निळी ताडपत्री. स्लॅब यंदा पडेल, पुढच्या वर्षी पडेल असे चालले होते. आणि अशात २०२४ च्या जानेवारीत एका गाववाल्याकडून बातमी आली की भाईजाननी गाडी घेतली. जुनी. दोन सीटची. सहा हजार दिरहमला.

तेव्हा एक दिरहम साधारण पावणेतेवीस रुपयांना होता. अम्मीने आमच्याकडून हिशेब करून घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नऊ माणसांच्या घरात दोन सीटची गाडी? त्याला काहीतरी झालंय. तू जाऊन बघून ये."

७ मे ला मतदानाची ड्युटी संपली. शाळा १५ जूनला उघडणार होती. भाईजाननीच तिकीट काढून दिले, हे सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते. त्यांना समजावायला त्यांच्याच पैशाने गेलो.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या शेजारच्या गावातल्या एकाचे टाइल्सचे गोदाम आहे. त्याच्या एका कोपऱ्यात ती गाडी उभी होती. भाईजाननी ताडपत्री ओढली आणि आम्ही पाहतच राहिलो. गाडी गुलाबी होती. लग्नाच्या मांडवातल्या कागदी फुलांचा असतो तसा फिकट, पिठूळ गुलाबी. बॉनेटवर बोट ओढले तर बोटाला खडूसारखी पूड लागली. आणि उजवीकडचा दरवाजा तेवढा लालभडक! जणू दुसऱ्याच गाडीचा आणून बसवला होता.

"हे काय?" आम्ही विचारले.

"लाल गाडी आहे," भाईजान म्हणाले. "रंग झोपलाय."

गाडीची थोडी ओळख करून द्यायला हवी. माझदा एम.एक्स.-५. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानात ती युनोस रोडस्टर म्हणून विकली जाई, अमेरिकेत मियाटा म्हणून. वर कापडी छत, दोन माणसांची जागा, इंजिन जेमतेम सोळाशे सी.सी.चे, आणि दिवे बॉनेटमध्ये मिटून झोपणारे. बटण दाबले की बेडकासारखे डोळे वर काढणारे. मोठ्या ताकदीची गाडी नव्हे ही. वजनच हजार किलोंच्या आत. तरी लोकांना ती इतकी आवडली की २०१६ पर्यंत या नावाच्या दहा लाख गाड्या बनल्या. भाईजानची गाडी १९९१ ची. कोणीतरी अमेरिकेतून आणलेली, त्यामुळे मागे मियाटा लिहिलेले आणि वेगाच्या काट्याखाली मैल. माझदा हे नाव कंपनीच्या मात्सुदा या संस्थापकाच्या आडनावावरून तर आहेच, पण पारशी लोकांच्या अहुर मज्द या प्रकाशाच्या देवतेवरूनही घेतल्याचे कंपनी सांगते. आम्ही हे भाईजानना सांगितले. ते म्हणाले, "उजेडानेच तिची वाट लावली."

ते अगदी खरे होते, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला ते आधी कळायला हवे होते. आजकालच्या गाड्यांवर रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर, ज्याला कामगार क्लिअर म्हणतात. ऊन, धूळ, ओरखडे ते सगळे त्या वरच्या थरावर झेलले जाते. या जुन्या लाल गाडीवर क्लिअर नाहीच. रंगाचा थर तोच सर्वात वरचा. रंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारी राळ. उन्हातले अतिनील किरण ती राळ वर्षानुवर्षे तोडत जातात, मग पूड उघडी पडते आणि प्रकाश तिच्यावरून सगळीकडे विखुरतो. म्हणून लाल गुलाबी दिसतो. बोटाला लागला तो खडू म्हणजे गाडीचा मेलेला रंग. त्याच्या खाली, जर शिल्लक असेल तर, जिवंत लाल.

"जर शिल्लक असेल तर" हे भाईजानचे शब्द. त्या सतरा रात्रींत आम्ही ते किती वेळा ऐकले त्याची गणती नाही.

रात्रीच का, तर दिवसा भाईजानना वेळ नव्हता. १६ एप्रिलला तिकडे पाऊस पडला होता. १९४९ पासून नोंदी ठेवल्या जाताहेत, त्यात असा पाऊस झाला नव्हता. शारजाचे कित्येक रस्ते दिवसेंदिवस पाण्यात होते. आम्ही पोचलो तेव्हाही गॅरेजांपुढे बुडालेल्या गाड्या रांगेने उभ्या, आत चिखलाचा वास. भाईजानचे गॅरेज सकाळी आठला सुरू होई ते रात्री आठपर्यंत. दुसरे कारण ऊन. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीच्या वर. पत्र्यावर हात ठेववत नाही. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लागल्या लागल्या सुकते आणि घासून नवे ओरखडे पडतात. म्हणून इशाची नमाज झाली की आम्ही दोघे गोदामात जायचो आणि रात्री एक-दीडला परतायचो.

पहिली रात्र फक्त धुण्यात गेली. आम्हाला वाटले होते, बादली आणि फडके. भाईजाननी दोन बादल्या मांडल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मिटन शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचे, गोल गोल फिरवायचे नाही, सरळ रेषेत.

"माती कपड्यात राहिली की ती वाळूच्या कागदासारखी घासते," ते म्हणाले. मग हसले. "मी आलो तेव्हा आठ महिने एका बिल्डिंगीखाली गाड्याच धुवायचो. एक बादली, एक फडकं, आणि पहाटे चार ते सात पस्तीस गाड्या. शारजातल्या जुन्या गाड्यांवरचे निम्मे ओरखडे माझे असतील."

हे आम्हाला नवीन होते. आमच्या घरात, मोहल्ल्यात, भाईजान 'गाड्यांच्या कंपनीत' होते. २००१ साली त्यांनी एक फोटो पाठवला होता. पांढऱ्या लांबलचक मोटारीला टेकून उभे, डोळ्यांवर गॉगल. तो आम्ही दप्तरात घालून शाळेत नेला होता. त्या फोटोत बादली नव्हती.

दुसऱ्या रात्री क्ले. हा मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा असतो. पत्र्यावर साबणाचे पाणी फवारायचे आणि गोळा चपटा करून हलक्या हाताने फिरवायचा. हवेतला लोखंडाचा कीस, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, धुऊनही रंगात रुतून बसते ते सगळे तो उचलतो. भाईजाननी आम्हाला हातावर प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवायला सांगितले. पिशवीतून बोटांना ते कण असे जाणवतात की नुसत्या हाताला कधी जाणवले नसते. ही युक्ती आम्ही आता नववीच्या वर्गात दाखवतो, टेबलावर.

तिसऱ्या रात्री मात्र त्यांनी मशीन काढलेच नाही. मेग्वायर्सचे सात नंबरचे ग्लेझ आणले. तेलकट, दाट, चिकट. ते टॉवेलच्या तुकड्यावर घेऊन सगळ्या गाडीला चोळायला लावले आणि तसेच ठेवून शटर ओढले. का, तर रंग कोरडा पडलाय. कोरड्यावर मशीन चालवले तर जिवंत रंगही पुडीसारखा उडेल. आधी त्याला तेल पाजायचे, मग कापायचे. रात्रभर मुरू द्यायचे. आम्हाला अम्मीचे आठवले, उन्हाळ्यात आमच्या डोक्याला खोबरेल चोळून झोपवायची.

पण तेव्हाच आम्ही एक पाहिले. चोळता चोळता आमचा टॉवेल लाल होत होता. बॉनेट, डिकी, मडगार्ड, सगळीकडे फडके रंगत होते. उजव्या दरवाजावर आलो तर फडके पांढरेच राहिले. आम्ही तीनदा पालटून पाहिले. पांढरेच.

"याच्यावर क्लिअर आहे," आम्ही म्हणालो. शिकवलेले लगेच वापरता आले याचा थोडा आनंद झाला होता.

"हो," भाईजान म्हणाले आणि दुसऱ्या बाजूला गेले.

चौथ्या रात्री आम्ही स्लॅबचा विषय काढला. काढायचाच होता, त्यासाठीच गेलो होतो. अम्मीचे गुडघे, पावसात गळणारी ताडपत्री, गवंड्याचा वाढलेला दर, सगळे मांडले. शिक्षकाला मांडायची सवय असते, मुद्दे पाडून. भाईजान दिव्याखाली बसून पॅड साफ करत होते. ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे." बस्स. आम्ही भांडायच्या तयारीने गेलो होतो. 'तुझं बरोबर आहे' यावर काय बोलायचे?

मग त्यांनी खिशातून एक छोटे यंत्र काढले. मोबाइलपेक्षा लहान. पत्र्याला टेकवले की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. त्यांनी यंत्र आमच्या हातात दिले आणि स्वतः वही घेतली. आम्ही आकडे सांगायचे, त्यांनी लिहायचे. छत्तीस वर्षे पुरी होत आली तरी भावाने आम्हाला कधी काही मोजायला दिले नव्हते. डावे मडगार्ड ९८. डिकी १०४, मध्यभागी ९१. बॉनेटवर यंत्राने वेगळेच अक्षर दाखवले, कारण बॉनेट पोलादाचे नसून अॅल्युमिनियमचे आहे, तिथे ८८. बंपरवर काहीच नाही, ते प्लास्टिक. यंत्राला धातू लागतो. दिव्याच्या झाकणाच्या कडेला ६२.

"एवढंच आहे आपल्याकडे," भाईजान म्हणाले. "यात खाली प्रायमर पण आला. प्रत्येक वेळी मशीन फिरवलं की एखाद-दोन जातात. कधी तीन. घासून चकाकी येते ती वरून काही लावून येत नाही, काढून येते. म्हणून आधी मोजायचं."

आम्ही यंत्र उजव्या दरवाजाला लावले. वरच्या भागात २३०. खालच्या भागात ६४०. आम्हाला वाटले, यंत्र बिघडले. पुन्हा लावले. ६४०.

"पुट्टी आहे," भाईजान वहीत लिहीत म्हणाले. "खाली ठोकलेला होता. २००२ मध्ये. मी भरली."

ते ज्या स्वरात म्हणाले, तो आम्ही कधी विसरणार नाही. पत्ता सांगावा तसा स्वर.

मग थोडे थोडे करून कळले. गॅरेजात लागल्यावर पहिले वर्ष त्यांना फक्त घासपेपरचे काम होते. दुसऱ्याने भरलेली पुट्टी पाण्याने घासायची, आठ-आठ तास. रंगाच्या गनला हात लावायची मनाई. २००२ मध्ये ही गाडी आली. एका इजिप्शियन इंजिनियरची; पार्किंगमध्ये कोणीतरी दरवाजा चेपलेला. त्या दिवशी पेंटर तापाने पडला होता आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होते. फोरमन म्हणाला, कर. भाईजाननी ठोकले, पुट्टी भरली, घासली, प्रायमर दिला, लाल रंग तीनदा कालवून तीन चाचण्या घेतल्या आणि मारला. वर क्लिअर मारला, कारण गॅरेजात तेव्हा सगळ्यालाच क्लिअर मारत. संध्याकाळी तो इंजिनियर आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारले, कोणत्या बाजूचा दरवाजा होता? त्या दिवसापासून भाईजानच्या हातात गन आली. पगार दोनशे दिरहमने वाढला. आमच्या मोठ्या बहिणीचे लग्न २००३ मध्ये झाले. हे दोन आम्ही कधी जोडले नव्हते.

इंजिनियर कधीतरी देश सोडून गेला. गाडी या हातातून त्या हातात गेली आणि शेवटी एका भंगाराच्या आवारात चार-पाच वर्षे उन्हात उभी राहिली. भाईजान तिथे दुसऱ्याच गाडीचा आरसा शोधायला गेले होते. लांबून पाहिले तर एक गुलाबी गाडी आणि तिला एकच दरवाजा लाल.

"मूळ कारखान्याचा रंग गेला," भाईजान म्हणाले, "आणि माझा राहिला." मग आमच्याकडे पाहून, जणू चूक सुधारावी तसे, "क्लिअर होता ना वर, म्हणून."

आम्ही स्लॅबचा विषय पुन्हा काढला नाही. म्हणजे त्या रात्री नाही.

मशीनच्या रात्री सुरू झाल्या. मशीन दोन प्रकारचे. एक रोटरी, जे सरळ एकाच जागी गरगर फिरते. ते लवकर कापते आणि लवकर तापते. दुसरे ड्युअल अॅक्शन, जे फिरता फिरता डुलते. ते सावकाश काम करते आणि शिकाऊ माणसाला माफ करते. दुसरे आमच्या हातात आले. आधी डिकीच्या कोपऱ्यात दीड वीत चौकोन टेपने आखून चाचणी. सर्वात मऊ पॅड आणि सर्वात सौम्य पॉलिश घेऊन सुरुवात करायची. नाही भागले तर एक पायरी कडक. "थेट कडक घेणारा पेंटर आळशी असतो," हा भाईजानचा सिद्धांत. चौकोन पुसला आणि गुलाबीच्या मधोमध डाळिंब फोडल्यासारखा लाल तुकडा निघाला. आमच्या तोंडून 'सुभानल्लाह' गेले. भाईजान चहा ओतत होते. वळून पाहिलेही नाही.

पॅड दर दोन-तीन फेऱ्यांनी लाल रंगाने माखायचे, मग ब्रशने खरवडायचे, बदलायचे. आमचे पंजे, बनियन, नखे लाल. आम्ही त्यांना सांगितले की चमकवण्याला उर्दूत 'सैकल' म्हणतात आणि तलवारींना सैकल करणारे ते सैकलगर, म्हणजेच आपल्याकडचे शिकलगार. भाईजानना शब्दाचे कौतुक नव्हते, पण लहानपणी मोहल्ल्यात सुऱ्या-कोयत्यांना धार लावायला येणारे चाकवाले शिकलगार चाचा त्यांना आठवले. "अम्मीची सुरी दर वर्षी बारीक होत जायची," ते म्हणाले, "शेवटी बोटाएवढी राहिली. तरी टाकत नव्हती."

ओरखड्यांबद्दल मात्र आम्हीही त्यांना काहीतरी शिकवले. दिव्याच्या उजेडात काळ्या किंवा लाल पत्र्यावर दिव्याभोवती कोळ्याचे गोल जाळे दिसते. सगळे म्हणतात, गोल घासल्यामुळे गोल ओरखडे. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे दिव्याच्या दिशेला आडवे असतात तेवढेच उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतात, म्हणून वर्तुळ दिसते. दिवा हलवला की वर्तुळही हलते. भाईजाननी बॅटरी घेऊन दोन मिनिटे खात्री करून घेतली. "चोवीस वर्षं मी याला गोल समजत होतो," ते म्हणाले. आम्हाला बी.एड.चे सार्थक झाल्यासारखे वाटले. तो आनंद फार टिकला नाही.

अकराव्या रात्री भाईजान चहा आणायला गेले. डाव्या दिव्याचे झाकण राहिले होते. ड्युअल अॅक्शनने ते फार रेंगाळत होते. रोटरी शेजारीच पडलेली. भाईजानना ती चालवताना आम्ही आठ रात्री पाहिले होते. प्रशिक्षित शिक्षकाला, प्रात्यक्षिक पाहिले की आपल्याला येते असे वाटते. हा आमच्या वर्गाचा जुना रोग. आम्ही कडेला टेप न लावता रोटरी टेकवली. सात-आठ सेकंद. मशीन किंचित कलले आणि पॅडची धार झाकणाच्या कडेवर आली. ६२ मायक्रॉनवाली कडा. लाल पॅडवर पांढुरका पट्टा उमटला आणि आम्ही मशीन बंद केले तेव्हा नखाएवढ्या जागेत प्रायमर उघडा पडला होता.

भाईजान दोन कागदी पेले घेऊन आले. पाहिले. पेले खाली ठेवले. वाकून बोटाने जागा चाचपली, पत्र्याला चटका होता तो पाहिला. आम्ही वाट पाहत होतो की आता ओरडतील. वर्गात आम्ही याहून कमी गोष्टीला ओरडतो.

"भाईजान, आमची चूक झाली."

"कडेला टेप लावतात," ते म्हणाले. "चहा घे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजातून औषधाच्या बाटलीच्या झाकणात रंग कालवून आणला आणि काडीपेटीच्या काडीने त्या जागी तीन थर दिले, दर थराच्या मध्ये एक रात्र. माहीत असलेल्यालाच ते दिसेल. आम्हाला आजही सगळ्यात आधी तेच दिसते, मोबाइलमधल्या फोटोतसुद्धा.

उजव्या मडगार्डवर एक लांब, खोल ओरखडा होता, चाकापासून बॉनेटपर्यंत. नख अडकायचे. आम्ही म्हणालो, एक फेरी अजून मारू. भाईजाननी यंत्र लावले. ७१. म्हणाले, राहू दे. आम्ही विचारले, गॅरेजात असा ओरखडा काय करता? ते म्हणाले की गॅरेजात घाई असते. तेलकट ग्लेझ भरून देतात, ओरखडा दिसत नाही, गिऱ्हाईक खूश, पैसे देऊन जाते. तीन-चार धुण्यांत ते निघून जाते आणि ओरखडा होता तिथेच. "मी पण भरलेत," ते म्हणाले. "पुष्कळ." आम्हाला तो गॉगलचा फोटो आठवला, पण आम्ही बोललो नाही.

शेवटच्या दोन रात्री बारीक पॉलिश आणि मग मेण. कार्नोबा मेण, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून निघते ते. लोक हल्ली सिरॅमिक कोटिंग मागतात, वर्षानुवर्षे पाहायला नको म्हणून. भाईजान म्हणाले, याला पाहायला हवे. दोन महिन्यांनी मेण, आणि सावली. सतराव्या रात्री सगळे दिवे लावून आम्ही लांब उभे राहिलो. गाडी लाल होती. सगळी. उजवा दरवाजा आता वेगळा दिसत नव्हता. अगदी तिरके पाहिले तर बाकीच्यापेक्षा किंचित गडद. आम्हाला खरे सांगायचे तर वाईट वाटले. भाईजान दोन चकरा मारून आले, आमच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "कोणत्या बाजूचा दरवाजा होता?"

स्लॅबबद्दल आमचे मत बदललेले नाही. स्लॅब आधी व्हायला हवा होता, असे आम्हाला आजही वाटते, आणि परत येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही ते त्यांना पुन्हा सांगितले. त्यांनी मुल्किया नूतनीकरणाची पावती दाखवली, पासिंगचा खर्च दाखवला आणि डिसेंबरपर्यंत घराला किती पाठवता येईल तो आकडा वहीत लिहून दिला. त्याच वहीत, मायक्रॉनच्या खाली.

विमानतळावर त्याच गाडीने गेलो. एम.एक्स.-५ च्या डिकीत आधीच जादा चाक असते. आमची मोठी बॅग काही मावली नाही. ती टाइल्सवाल्याच्या पिकअपमधून पुढे गेली. खजूर, दूध पावडर आणि अम्मीचे ब्लँकेट यांची पिशवी आम्ही मांडीवर घेऊन बसलो. पुलाखालून जाताना रस्त्याचे दिवे बॉनेटवरून एकामागून एक घरंगळत येत होते. भाईजाननी एका हाताने बटण दाबून दोन्ही डोळे वर काढून दाखवले आणि लहान मुलासारखे पुन्हा मिटवले.

घरी पोचल्यावर अम्मीने पाणीही न देता विचारले, "विकतोय का?"

"नाही."

आम्ही वही दाखवली, आकडा दाखवला. अम्मी आकड्याकडे पाहत होती. मग मोबाइलवर गाडीचा फोटो पाहिला, मोठा करून, बोटांनी इकडून तिकडे सरकवून. हा कुठला रंग, असे तिने विचारले नाही. बराच वेळ पाहून म्हणाली, "दोन सीटा म्हणजे, एक त्याची. आणि दुसरी?"

आम्ही काही बोललो नाही.

"तुझ्या भाभीचा पासपोर्ट कुठवर आलाय?" अम्मीने विचारले.

आत चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापायचा आवाज चालला होता, तो थांबला.